बेदरची पावती

वाशी म्हटलं की समोरचा माणूस पहिल्यांदा खाडीपूल आणि लोकलबद्दल विचारतो. आमची वाशी ती नव्हे हो. आमची वाशी धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटाच्या अंगाखांद्यावरची. भूम, कळंब, परंडा ही शेजारची गावं. इथे खाडी सोडा, नदीलाही पाणी असलं तर असतं. हे दर वेळी सांगावं लागतं, म्हणून आधीच सांगून टाकलं.

तर मंडळी, बऱ्याच दिवसांपासून लिहायचं मनात होतं ते बीदरबद्दल. आमच्याकडची जुनी माणसं बीदर म्हणत नाहीत, 'बेदर' म्हणतात. लहानपणी सप्त्यात कीर्तनाला बसलो की दामाजीपंतांचं आख्यान हमखास यायचं. मंगळवेढ्याला दुष्काळ पडतो, दामाजीपंत बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडतात, बादशहा भडकतो, आणि मग खुद्द पांडुरंग विठू महार होऊन बेदरला जातो, दरबारात मोहरा ओततो आणि धान्याची पावती घेऊन येतो. ती पावती नंतर पंतांना पोथीत सापडते. बुवा तिथे टाळ थांबवायचे. सगळा मांडव गप्प. मला मात्र एकच प्रश्न पडायचा : देवाला पावती कशाला लागते?

या प्रश्नाचं उत्तर मला गेल्या वर्षी मिळालं असं वाटतं. पण ते शेवटी सांगतो.

गेल्या वर्षी एका लग्नासाठी उदगीरला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मोकळा होतो, म्हटलं बीदर इथून जवळच आहे, बघून येऊ. कमालनगर आलं की पाट्या कन्नड होतात, पण चहाच्या टपरीवरचं बोलणं मात्र आपलंच राहतं. राहणारच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बीदर आणि आमचा जिल्हा एकाच हैदराबाद संस्थानाच्या मुलखातले. त्या वर्षी बीदर म्हैसूर राज्यात गेलं आणि त्याचे उदगीर, अहमदपूर, निलंगा हे तालुके इकडे आले. रेघ कागदावर पडली, सोयरिकी तशाच राहिल्या.

बीदरला लोक आधी किल्ला बघतात. मी आधी मदरशात गेलो, आणि खरं सांगतो, किल्ला घाईतच उरकला.

जुन्या शहरात, घरांच्या आणि दुकानांच्या गर्दीत ही इमारत एकदम समोर येते. पहिल्यांदा दिसतो तो मिनार. उंची सुमारे १३१ फूट. अंगावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या चकाकत्या फरशांची नागमोडी नक्षी. पुष्कळ फरशा गळून पडल्या आहेत, उरल्या आहेत त्या उन्हात अशा लखलखतात की पाचशे वर्षं झाली यावर विश्वास बसत नाही. दर्शनी बाजूला असे दोन मिनार होते. आता एकच आहे. समोरची अर्धी बाजूच नाही. एखाद्या माणसाचा अर्धा चेहरा लकव्याने गेलेला असावा आणि उरलेल्या अर्ध्याने तो आपल्याकडे बघून हसावा, तसं काहीसं वाटलं.

हा महमूद गावानचा मदरसा. बांधून पूर्ण झाला १४७२ मध्ये. मदरसा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर एखादी छोटी पाठशाळा येते. हे तसं नाही. हे त्या काळचं निवासी विद्यापीठच म्हणा. तीन मजली इमारत, लांबी-रुंदी सुमारे २०५ फूट आणि १८० फूट, मध्ये शंभर फुटांचं चौरस अंगण. अंगणाच्या तीन बाजूंना मधोमध व्याख्यानाची उंच दालनं, जी तिन्ही मजले भेदून वर जातात. त्यांची बाहेरची बाजू अर्ध-अष्टकोनी होऊन पुढे आलेली आणि वर घुमट. विद्यार्थ्यांसाठी ३६ खोल्या, अध्यापकांसाठी सहा प्रशस्त निवास. एक मशीद. आणि एक ग्रंथालय, ज्यात तीन हजार हस्तलिखितं होती.

तीन हजार. छापखाना नसलेल्या काळात! प्रत्येक पुस्तक कुणीतरी बसून बोरूने लिहून काढलेलं. आमच्या गावातल्या वाचनालयात कपाटं मोजून पुस्तकं किती हे सांगता येतं, म्हणून हा आकडा मला जास्त लागला.

बांधणी पूर्ण इराणी. आपल्या दख्खनी इमारती दगडाच्या राकट, काळ्या असतात, ही त्यांच्यात पाहुणी वाटते. समरकंदला उलुघ बेगाने बांधलेला मदरसा, खुरासानात खर्गिर्द इथला मदरसा, यांच्या घराण्यातली ही इमारत. तिकडची नक्षी, तिकडचे रंग, उचलून दख्खनच्या लाल मातीवर आणून ठेवलेले. भिंतीवर कुराणातली वचनं मोठ्या वळणदार अक्षरांत आहेत. मला वाचता येत नाहीत. पण अक्षर सुंदर आहे एवढं कळायला वाचता यावंच लागतं असं नाही.

आता हा महमूद गावान कोण?

इराणात कॅस्पियन समुद्राच्या काठी गिलान नावाचा प्रांत आहे. तिथल्या गावान गावचा हा माणूस. जन्म १४११ च्या सुमाराचा. घराणं मोठं, पण दरबारी भांडणांना कंटाळून देश सोडला आणि व्यापार धरला. १४५३ मध्ये तो दाभोळ बंदरात उतरला. होय, आपलं कोकणातलं दाभोळ. वय चाळिशी ओलांडलेलं. बीदरला विद्वान मंडळी आहेत असं ऐकून तिकडे गेला आणि तिथेच राहिला. बहमनी दरबारात चढत चढत 'मलिक-उत-तुज्जार' झाला, म्हणजे व्यापाऱ्यांचा सरदार, आणि पुढे तिसऱ्या महंमदशहाचा वजीर. सुलतान लहान होता तेव्हा त्याची आई नर्गिस बेगम आणि हा, यांनी राज्य सांभाळलं.

१४५३ हे साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी २९ मे रोजी उस्मानी सुलतान दुसऱ्या मेहमेदाने कॉन्स्टँटिनोपल जिंकलं. आपण शाळेत हे पाठ केलं ते युरोपच्या इतिहासात, आणि बहमनी पाठ केले ते भारताच्या इतिहासात. दोन वेगळे धडे, दोन वेगळे पेपर! प्रत्यक्षात ही माणसं एकमेकांना पत्रं लिहीत होती. गावानच्या पत्रांचा संग्रह आहे, 'रियाझ-उल-इन्शा'. त्यात या दुसऱ्या मेहमेदाला लिहिलेली पत्रं आहेत. दाभोळ, चौल, गोव्याहून निघालेली गलबतं आणि घोड्यांचे व्यापारी यांच्याबरोबर ही पत्रं जात-येत असणार.

आणि गंमत बघा, दोघेही त्याच सुमारास तेच बांधत होते. मेहमेदाने इस्तंबूलमध्ये १४६३ ते १४७० या काळात आपल्या नावाचा मोठा परिसर उभारला, फातिह मशिदीचा. मशीद, तिच्या दोन अंगांना आठ मदरसे, ग्रंथ, दवाखाना, गोरगरिबांसाठी अन्नछत्र. म्हणजे देवाचं घर, विद्येचं घर आणि जेवणाचं घर एका आवारात. गावानचा मदरसा त्यानंतर दोन वर्षांनी पुरा झाला. एकाने दुसऱ्याचं पाहून केलं असं मी म्हणत नाही. बीदरचं वळण इराणी आहे, उस्मानी नव्हे. पण मशीद आणि ग्रंथालय एकाच छपराखाली हवं, हा विचार त्या काळच्या हवेतच होता.

आमच्या भागाशी या लोकांचा संबंध नुसता वाटेवरचा नाही. परंड्याचा किल्ला परंपरेने महमूद गावाननेच बांधला असं मानतात. आमच्या शाळेची सहल दर दोन वर्षांनी परंड्याला जायची, पण गुरुजींनी हे नाव कधी घेतलं नाही. विजापूरला जी प्रचंड 'मलिक-ए-मैदान' तोफ आहे, तीही पूर्वी परंड्याला होती. १६३२ मध्ये तिथून विजापूरला नेली. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली ती महंमद बिन हसन रूमी नावाच्या कारागिराने. रूमी म्हणजे रूमचा, म्हणजे उस्मानी मुलखातला. त्यांचा तोफा ओतणारा माणूस आपल्याकडे येऊन तोफ ओततो, आणि ती परंड्याच्या बुरुजावर बसते!

फार नंतर, १९३१ मध्ये, हैदराबादच्या निजामाने आपल्या दोन मुलांची लग्नं उस्मानी राजघराण्यातल्या मुलींशी लावली, फ्रान्समध्ये नीस इथे. तोच हा मीर उस्मान अली खान, ज्याच्या नावाने धाराशिवचं उस्मानाबाद झालं होतं. २०२३ मध्ये ते अधिकृतपणे पुन्हा धाराशिव झालं. नावं जातात-येतात. असो.

गावानकडे परत येऊ.

माणूस मोठा होता, पण संत वगैरे नव्हता. लढाया केल्या, कोकणातले किल्ले घेतले, १४७२ मध्ये विजयनगरकडून गोवा जिंकलं. त्याच सुमारास अफनासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी बीदरला राहून गेला. त्याने लिहून ठेवलंय की सरदार ऐश्वर्यात लोळतात आणि खेड्यातली माणसं दैन्यात आहेत. हे विसरून चालणार नाही. ज्या वर्षांत निळ्या फरशा बसत होत्या, त्याच्या मागेपुढे दख्खनला दुष्काळ पडला होता आणि लोक माळवा-गुजरातकडे चालले होते. दामाजीपंतांचं आख्यान याच बहमनी काळात घडतं. आख्यानातलं बेदर आणि गावानचं बीदर एकच.

पण वजीर म्हणून त्याने जे केलं त्यात एक शिस्त होती. राज्याचे चार मोठे सुभे होते, त्यांचे आठ केले, म्हणजे कुणी एक सुभेदार फार माजू नये. किल्ले थेट सुलतानाच्या ताब्यात आणले. जमिनीची मोजणी लावली. ज्यांचे हात यामुळे बांधले गेले ते गप्प बसणार नव्हते. दरबारात दख्खनी आणि परदेशी असे दोन तट होतेच. गावान परदेशी.

त्यांनी काय केलं? त्याच्या शिक्क्याचा सांभाळ करणाऱ्या गुलामाला दारू पाजून आपलंसं केलं आणि एका कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला पत्र लिहिलं : सुलतान दारूत बुडालाय, चालून या, राज्य वाटून घेऊ. ते सुलतानापुढे ठेवलं. सुलतान खरोखरच प्यालेला होता. गावानला बोलावलं. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की गावान एवढंच म्हणाला, शिक्का माझा आहे, पत्र माझं नाही. ५ एप्रिल १४८१ रोजी त्याचं डोकं उडवलं. वय सत्तरीचं.

मी त्या अंगणात बसून याचाच विचार करत होतो. ज्या माणसाची पत्रं इराण-इजिप्तपर्यंत वाचली जायची, ज्याने पत्र कसं लिहावं यावर 'मनाझिर-उल-इन्शा' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलं, तो मेला तो एका पत्राने. तेही दुसऱ्याने लिहिलेल्या. सुलतानाने एकदा शांतपणे ते पत्र वाचलं असतं, भाषा बघितली असती, तर ही या माणसाची लेखणी नव्हे हे कळलं असतं. पण त्याने फक्त शिक्का बघितला.

नंतर खजिना शोधला तेव्हा वजिराच्या घरात धन सापडलंच नाही, असंही फरिश्ता सांगतो. सुलतानाला चूक कळली. पुढच्याच वर्षी तोही गेला. आणि थोड्याच वर्षांत राज्याची पाच शकलं झाली.

पुस्तकांचं काय झालं? औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदर घेतलं. पुढे मदरशाच्या इमारतीत लष्कर राहायला लागलं आणि बंदुकीची दारू साठवली गेली. १६९५-९६ च्या सुमारास त्या दारूचा स्फोट झाला. काही जण म्हणतात वीज पडली. समोरचा एक मिनार, प्रवेशद्वार, आग्नेयेकडचा भाग, सगळं उडालं. दारू काय करते हे वाशी तालुक्यातल्या माणसाला सांगायला नको. आमचं तेरखेडा फटाक्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि तिथल्या स्फोटांच्या बातम्याही आम्ही वाचत आलोय. विद्यार्थी बसायचे तिथे दारूची पोती ठेवली, तिथेच निकाल लागला होता. ठिणगी काय, कधीतरी पडणारच होती.

इस्तंबूलच्या फातिह मशिदीचाही मोठा घुमट १७६६ च्या भूकंपात कोसळला. पाच वर्षांत नवी मशीद उभी राहिली. आणि फातिहच्या ग्रंथसंग्रहातली हस्तलिखितं आज त्याच शहरातल्या सुलेमानिये ग्रंथालयात जपलेली आहेत. तिथे दगड पडले पण पुस्तकं राहिली. बीदरला दगड राहिले, तीन हजार पुस्तकं गेली.

आता आमच्या घरचं. नातेवाईक हे वाचतात हे मला माहीत आहे, त्यांच्यासाठीच लिहितोय.

आमच्या आबांची पत्र्याची पेटी सगळ्यांनी पाहिली आहे. आबा निजामाच्या राज्यात शिकले, म्हणजे उर्दूत. हिशोब उर्दूत, अर्ज उर्दूत, रोज सकाळी वाचायची ती ज्ञानेश्वरी मात्र मराठीत. आबा गेले आणि घरात उर्दू वाचणारं कुणी उरलं नाही. पेटीत एक जाड कागद होता, खाली गोल सरकारी शिक्का. आमचे अण्णा म्हणायचे, हा विहिरीच्या रानाचा कागद आहे, रान आबांनी आपल्याला दिलंय. काका म्हणायचे, कागद खोटा आहे, नंतर केलाय. दोघांनाही तो वाचता येत नव्हता! अकरा वर्षं दोन सख्खे भाऊ बोलले नाहीत. दोन घरची पोरं एकाच शाळेत, एकाच बाकावर, पण दिवाळीच्या फराळाला एकमेकांकडे नाही. आई चोरून काकूकडे करंज्या पाठवायची. अण्णा गेले तेव्हा काका आले, पायाशी उभे राहिले आणि न बोलता गेले.

बीदरहून परत आलो आणि त्याच आठवड्यात पेटी उघडली. तो कागद घेऊन परंड्याला एका निवृत्त उर्दू शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चष्मा पुसला, कागद उजेडात धरला आणि हसले. म्हणाले, "ये तो लेव्ही की रसीद है बेटा." १३५३ फसली, म्हणजे इसवी सन १९४३-४४. युद्धाच्या काळात सरकार शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्य घ्यायचं, ती लेव्ही. आबांनी किती पोती ज्वारी घातली त्याची ही पावती. रानाचा त्यात शब्दही नाही.

अकरा वर्षं. ज्वारीच्या पावतीवर!

मी बराच वेळ त्यांच्या ओसरीवर बसून राहिलो. अण्णा खोटं बोलत नव्हते, काकाही नाहीत. दोघांनी फक्त शिक्का बघितला होता. एकाला तो खरा दिसला, एकाला खोटा. वाचायची तसदी कुणीच घेतली नाही, मी सुद्धा. परंडा काय लांब आहे? मोटारसायकलवर जाऊन सकाळचा माणूस जेवायला घरी येतो. अण्णा असताना मी हे करू शकलो असतो.

मग काकांकडे गेलो. कागद पुढे ठेवला आणि गुरुजींनी सांगितलं ते सांगितलं. काका कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आबांनी दुष्काळात बी लेव्ही घातली व्हती. घरात खायला नव्हतं तवा." एवढंच. मग काकूला हाक मारली, पोराला जेवायला वाढ म्हणून.

लहानपणीच्या प्रश्नाचं उत्तर सांगतो म्हटलं होतं. देवाला पावती लागत नाही, माणसांना लागते. पांडुरंगाला ठाऊक होतं की आपण दरबारात जाऊन मोहरा ओतल्या तरी मागे राहणाऱ्या दामाजीला उद्या कुणीतरी विचारणार. म्हणून तो कागद घेऊन आला, आणि वाचणाऱ्याच्या पोथीत ठेवून गेला. पेटीत नव्हे, पोथीत. जी रोज उघडली जाते.

आबांच्या पेटीत अजून पुष्कळ कागद आहेत. काही उर्दू, काही मोडी, सात-आठ उर्दू पुस्तकं, एकाला वाळवी लागलेली. गेल्या पंचमीला आत्याने विचारलं होतं की ही रद्दी काढायची का. आत्या, नको. परंड्याचे गुरुजी दर रविवारी दोन तास द्यायला तयार आहेत. मोडी वाचणारं कुणी आपल्या ओळखीत असेल तर कळवा. एकेक कागद वाचून घेऊ आणि कशाचा आहे ते मराठीत लिहून त्यालाच टाचून ठेवू. त्यात आपल्या फायद्याचं काही निघेल असं समजू नका. बहुतेक ज्वारीच निघेल.

येत्या दिवाळीत पेटी काकांच्या ओसरीवर उघडायची असं ठरलंय. दोन्ही घरच्यांनी यायचं आहे. करंज्या या वेळी आई उघडपणे आणणार आहे.